सांधा शिकताना



चिटणिसांनी आमचे नाव या व्याख्यानमालेच्या पत्रिकेत छापले, तेव्हा एका स्नेह्याने विचारले, "यंदा काय, बोनस की किमान वेतन?" त्यांचा प्रश्न वाजवी होता. तीस वर्षे कामगार संघटनेत घालवलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावे? पण दिवसभराच्या उन्हातून सुटून संध्याकाळी या मांडवात येऊन बसलेल्या श्रोत्यांना पुन्हा मागणीपत्रक वाचून दाखवावे, हे आम्हालाच बरे वाटेना. म्हणून आम्ही विषय बदलला. तो बोनसहूनही रूक्ष वाटण्याचा संभव आहे, हे आधीच कबूल करतो. पोलादाचे दोन तुकडे एकमेकांस कसे जोडावेत, आणि ते जोडणे आम्ही वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी का व कसे शिकू लागलो, एवढेच आज सांगायचे आहे.

हा विषय भंडाऱ्याला परका नाही. 'भाण' म्हणजे पितळेचे ताट, आणि त्यावरून या गावाचे नाव पडले, असे जुने लोक सांगत आले आहेत. कासारांच्या आळीत हातोड्यांचा आवाज ऐकत आपल्यापैकी पुष्कळजण मोठे झाले. फुटका हंडा झाळून घ्यायला आम्हीही लहानपणी नेलेला आहे. झाळणाऱ्या कारागिराचे घर पितळेच्या एका सांध्यावर चालत होते. आज त्याच कारागिराचा नातू वरठीच्या पोलादाच्या कारखान्याकडे नाहीतर गडेगावच्या मोटारींच्या कारखान्याकडे पाहतो, आणि तिथे जागा मिळाली नाही तर पुण्याची किंवा गुजरातची गाडी धरतो. त्याच्याजवळ भांडवल काय असते? आय.टी.आय.चे एक वर्षाचे प्रमाणपत्र आणि हाताची सवय. भरतीच्या ठिकाणी त्याला सहा इंचाची पट्टी जोडायला देतात. ती पट्टी वाकवून तुटली नाही तर तो पोटाला लागतो, तुटली तर परत येतो. सहा इंच!

आता आमच्या फजितीकडे वळतो, कारण मूळ तिथे आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातली कंत्राटी मुले आमच्याकडे आली. कारखाना कोणता, हे सांगण्याचे कारण नाही. काम वाफेच्या नळ्या जोडण्याचे. अशा नळीच्या सांध्याचा तळाचा पहिला थर आर्गनने घालतात आणि वरचे थर साध्या रॉडने भरतात. बाहेरून कितीही देखणा दिसला, तरी सांध्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते. वाफेचा दाब म्हणजे पोरखेळ नव्हे, आणि १९५० च्या बॉयलर नियमांपासून अशा नळ्या जोडणाऱ्याची परीक्षा घेण्याची पद्धत आहे. तीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार अशी होती की, चित्रात नापास ठरलेला सांधा त्या मुलाने फुकट पुन्हा करायचा आणि वर त्याचे पैसेही कापले जायचे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत कपात इतकी चढली, की एका मुलाच्या हाती खानावळीचे पैसे भागतील एवढेही उरले नाही.

आम्ही वाटाघाटीला गेलो. अन्यायावर बोलण्याची आम्हाला सवय आहे. पाऊण तास बोललो. समोरचे अभियंते तरुण होते, शांत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि टेबलाच्या खणातून मधोमध कापलेला एक सांधा काढून आमच्यापुढे ठेवला. "याच्या पोटात ही भोके आहेत," ते म्हणाले, "ही कशामुळे पडली, ते सांगा. आपण त्यावरच बोलू." आम्ही तो तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. आम्हाला काही म्हणता काही दिसेना. बैठक तिथेच संपली.

बाहेर आल्यावर त्या मुलांतला सर्वांत लहान आमच्याजवळ आला. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी कधी टॉर्च हाती धरली का?" आम्ही नाही म्हणालो. "मंग तुमी आमच्याकडून काहून बोलता?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत. कायद्याची कलमे पाठ केली, ताळेबंद वाचायला शिकलो. ज्या कामाची मजुरी ठरवायला बसतो ते काम मात्र शिकलो नव्हतो.

तेव्हा आम्ही एक उस्ताद गाठला. उमेदीची वर्षे आखातात काढून परत आलेला हा गृहस्थ आता गावाबाहेर एक शेड टाकून बसला आहे. धानगिरण्यांचे भाग दुरुस्त करतो, फाटके करतो, आणि नाजूक काम आले तर आर्गनही करतो. त्याने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि विचारले, "किती दिवस येणार?" "जमेपर्यंत," आम्ही म्हणालो. तो हसला आणि त्याने आम्हाला झाडू दिला. पहिले दोन दिवस शेड झाडण्यात आणि पट्ट्या घासण्यात गेले. त्याला आमची जिरवायची असावी असे तेव्हा वाटले. पुढे कळले की पट्टी घासणे हाच पहिला धडा असतो. कारखान्यातून आलेल्या लोखंडावर काळी पापडी असते, तेल असते, गंज असतो. साधा रॉड तो मळ थोडाबहुत खपवून घेतो. आर्गन मुळीच खपवून घेत नाही. पट्टी कल्हई केलेल्या भांड्यासारखी उजळली पाहिजे, वरून आणि खालून, आणि भरायची तारसुद्धा पुसून घेतली पाहिजे.

इथे या कृतीचे मर्म थोडक्यात सांगितले पाहिजे. टंगस्टन नावाचा धातू सुमारे ३४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. पोलाद १५०० अंशांच्या आसपासच वितळते. तेव्हा टंगस्टनची टोकदार काडी टॉर्चमध्ये बसवून तिच्या टोकापासून पोलादापर्यंत विजेची ज्योत पेटवली, तर पोलाद वितळून त्याचे इवलेसे तळे होते आणि काडी शाबूत राहते. साध्या वेल्डिंगमध्ये रॉड स्वतःच जळत जळत सांध्यात उतरतो. इथे आग एका हातात आणि धातू दुसऱ्या हातात, असे दोन हातांचे काम आहे. मात्र वितळलेले पोलाद हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू अधाशासारखे पिते आणि त्याने बिघडते. म्हणून टॉर्चच्या तोंडातून काडीभोवती सतत आर्गन वायू सोडतात. त्या वायूच्या छत्रीखाली सगळे काम चालते. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास ही कृती बसवली, ती मॅग्नेशियमसारखा पेट घेणारा धातू जोडण्यासाठी. तेव्हा छत्री हेलियमची होती.

आर्गनची गोष्ट आम्हाला फार आवडते. आपण घेतो त्या श्वासात शंभरातला जवळजवळ एक भाग हा वायू असतो, आणि १८९४ पर्यंत तो कोणाच्या ध्यानातच आला नव्हता. रॅले आणि रॅम्से या दोघांनी त्याला शोधून काढले. तो कोणाशीच संयोग पावेना, म्हणून त्याचे नाव ठेवले ग्रीक भाषेतल्या 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून. कामगाराला आळशी म्हणणाऱ्या मालकांशी आमचा जन्म भांडण्यात गेला. आणि अखेर सांध्याची राखण करणारा निघाला तो हा आळशी!

असो. पुढचा धडा काडीला टोक काढण्याचा. टोक लांबीच्या दिशेने घासून काढायचे. आडवे घासले की चरे आडवे पडतात आणि ज्योत भटकते. आम्ही पहिल्या आठवड्यात जेवढा वेळ जोडकाम केले, त्याच्या दुप्पट वेळ टोके काढली असतील. कारण शिकाऊ माणसाचा हात कापतो, काडी तळ्यात बुडते, पोलाद तिला चिकटते, आणि मग ज्योत फाकते. ती तोडून पुन्हा घासायची. उस्ताद लांबूनच आवाजावरून ओळखत असे. "बुडाली," म्हणे, आणि मान वर करीत नसे. लाल पट्ट्याच्या काडीत थोरियम असते आणि ते किरणोत्सारी असते. तिची घासताना उडणारी धूळ पोटात जाणे वाईट, म्हणून नव्याने घेणाऱ्याने सोनेरी किंवा निळ्या पट्ट्याची घ्यावी, हे आम्ही पुढे वाचून उस्तादालाच सांगितले. त्याने एवढी वर्षे लालच वापरली होती. त्या दिवशी तो बराच वेळ गप्प होता.

पहिला महिना तार हातात मिळालीच नाही. नुसते तळे करायचे आणि ते पट्टीवरून चालवायचे. तीन मिलिमीटर जाडीची पट्टी, शंभर अँपिअरच्या आसपास वीज, टॉर्च किंचित मागे कललेली, आणि काडीचे टोक पोलादापासून काडीच्या जाडीइतके, म्हणजे दोन-अडीच मिलिमीटर, वर. हे अंतर राखण्यातच सगळी विद्या आहे म्हटले तरी चालेल. अंतर वाढले की ज्योत पसरते, तळे रुंद आणि उथळ होते, पट्टी तापून निळी पडते आणि खाली काहीच उतरत नाही. नवखा मनुष्य घाबरून टॉर्च वर उचलतो, आणि उचलल्यामुळेच त्याचे काम बिघडते. मनगट हवेत ठेवून हे साधत नाही. करंगळी पट्टीवर टेकवायची आणि तिच्या आधाराने सरकायचे. घरी चहाच्या टेबलावर पेन्सिल घेऊन आम्ही हा सराव करीत असू, आणि सौभाग्यवतींनी त्यावर जे मत दिले ते या सभेत सांगण्यासारखे नाही.

मग तार. ती डाव्या हाताने समोरून, जमिनीशी जवळजवळ समांतर धरून, तळ्याच्या पुढच्या काठाला टेकवायची आणि काढायची. ज्योतीत घालायची नाही, तळ्यात घालायची. काढली तरी आर्गनच्या छत्रीबाहेर न्यायची नाही, नाहीतर तिचे तापलेले टोक हवेने काळवंडते आणि तो मळ पुढच्या थेंबाबरोबर सांध्यात जातो. अंगठ्याने तार पुढे सरकवणे हे जपमाळ ओढण्यासारखे आहे. तेवढे जमायला आम्हाला आणखी दोन महिने लागले. त्या तारेत दीड टक्क्याच्या आसपास मँगनीज असते, हे समजले तेव्हा आम्हाला विशेष वाटले. आपल्या तुमसर तालुक्यात, चिखल्याला भुयारात उतरून आणि डोंगरी बुजुर्गला उघड्यावर, माणसे जो काळा दगड काढत आली आहेत, त्याचा धातू वितळल्या पोलादातला प्राणवायू ओढून घेतो आणि सांध्यात बुडबुडे होऊ देत नाही. मात्र हाच मँगनीज धुराच्या रूपाने वर्षानुवर्षे छातीत गेला, तर मेंदूला इजा करतो, हात थरथरू लागतात. खाणीतला मनुष्य आणि वेल्डर हे एकाच धातूचे दोन गिऱ्हाईक आहेत.

तारेनंतर खरे सांधे आले. सपाट पट्टीवर ओळ ओढणे वेगळे आणि दोन पट्ट्या काटकोनात उभ्या करून त्यांचा कोपरा जोडणे वेगळे. आमचा पहिला कोपरा सुरेख दिसत होता. माशाच्या खवल्यांसारख्या लाटा उमटल्या होत्या. आम्ही तो कागदात गुंडाळून घरी नेण्याच्या बेतात होतो. उस्तादाने तो पकडीत आवळला आणि हातोड्याचा एकच घाव घातला. सांधा उघडला. आत कोपऱ्याची मूळ धार जशी कापली होती तशीच, न वितळलेली, उभी होती. आम्ही दोन भिंतींवरून धातूचा पूल टाकला होता, खाली पोकळ. कोपरा वितळण्याची वाट न पाहता तार घातली की असे होते. तळ्याचा पुढचा काठ कोपऱ्यात शिरताना डोळ्यांनी दिसला पाहिजे, तोवर तार द्यायची नाही. तो एक क्षण थांबणे आम्हाला सर्वांत जड गेले. भाषण करणाऱ्या माणसाला थांबण्याची सवय नसते.

डोळ्यांचेही सांगितले पाहिजे. आर्गनच्या कामात धूर कमी, ठिणग्या जवळजवळ नाहीत. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. धुराचा पडदा नसल्यामुळेच त्याचे अतिनील किरण जास्त मोकळेपणाने येतात. एके दिवशी काच खाली घेण्याआधी आम्ही चार-पाच वेळा ज्योत पेटवली, सवयीचा उतावीळपणा. त्या वेळी काही झाले नाही. रात्री एकच्या सुमाराला डोळ्यांत कोणी मूठभर वाळू चोळावी तशी आग सुरू झाली. पापणी उघडवेना, मिटवेना. शेजाऱ्यांनी बटाट्याच्या चकत्या ठेवायला सांगितल्या; त्याने गार वाटते, एवढेच. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. दीड दिवसाने उतरले. कारखान्यातली मुले हे दुखणे महिन्यातून एकदा अंगावर काढतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात, कारण रजा बिनपगारी. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या रक्षणाचेच होते. ते आम्ही सभांतून किती वेळा उच्चारले असेल! त्या रात्री ते पहिल्यांदा समजले. आणखी एक गोष्ट इथल्या पालकांनी ध्यानात ठेवावी. आर्गन हवेहून जड आहे आणि त्याला वास नाही. टाकीत किंवा खड्ड्यात काम करताना तो तळाशी साचतो आणि माणसाचा श्वास न कळत बंद करतो. मुलगा टाकीत उतरून काम करीत असेल, तर बाहेर दुसरा माणूस उभा असतो काय, हे त्याला विचारा.

पुढचा मार्च आला. शेडवर पत्रे, आणि आपल्याकडचे ऊन. एका दुपारी आम्ही टेबलाजवळचा पंखा आमच्याकडे वळवला आणि कामाला बसलो. तळे नीट होते, अंतर नीट होते, हात कापत नव्हता; तरी ओळ राखी, खरखरीत, आणि मध्ये बारीक छिद्रे, अनरशासारखी. आम्ही वायू वाढवला. छिद्रे वाढली, कारण जोराने सोडलेला वायू भोवरे करतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. उस्ताद आला, पंख्याकडे पाहिले, बटन बंद केले आणि निघून गेला. पुढची ओळ स्वच्छ उतरली. वाऱ्याने छत्री उडवून नेली होती. आम्ही ती छिद्रांची पट्टी करवतीने कापली, आणि त्या तरुण अभियंत्यांनी टेबलावर ठेवलेला तुकडा आम्हाला तेव्हा, दहा महिन्यांनी, दिसला.

मुलांजवळच्या कपातीच्या चिठ्ठ्या आम्ही महिन्यावार लावल्या. पावसाळा, हिवाळा: थोड्या. एप्रिल, मे: ढीग. शेडमध्ये मोठे पंखे कोणी लावले होते? मुलांनीच, वर्गणी काढून. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याखाली चामड्याचे हातमोजे आणि जाड अंगरखा घालून माणसाने पंख्याशिवाय काम करावे, असे कोण म्हणेल? पंखा लावला की सांधा नापास, न लावला की माणूस नापास.

दुसऱ्या बैठकीला आम्ही आमची पट्टी घेऊन गेलो. पाऊण तास बोललो नाही. अभियंत्यांनी ती पाहिली, चिठ्ठ्या पाहिल्या आणि विचारले, "ही पट्टी कोणी जोडली?" आम्ही म्हणालो, आम्ही. मग त्यांनी खणातून सगळे नापास तुकडे काढले आणि आम्ही दोघे ते एकेक करून पाहत बसलो. बहुतेकांत छिद्रे होती. पण दोन तुकड्यांत तळ वितळलाच नव्हता, आमच्या त्या पहिल्या कोपऱ्यासारखा. तो दोष वाऱ्याचा नव्हता, हाताचा होता. आम्ही तसे कबूल केले. बरोबरच्या मुलांना ते मुळीच रुचले नाही. त्यांतल्या एकाने पुढे सहा महिने आमच्याशी बोलणे टाकले. संघटनेच्या माणसाने असे कबूल करावे की नाही, यावर आमच्या कार्यकारिणीतही दोन बैठका झाल्या, आणि एकमत अजून झालेले नाही. आमचे मत असे की, ते दोन तुकडे नाकबूल केले असते, तर बाकीचे कोणी मानलेच नसते.

ठरले ते असे. उन्हाळ्यात काम पहाटे पाचला सुरू करून अकराला थांबवायचे. प्रत्येक सांध्याभोवती ताडपत्रीचा आडोसा, पंखा आडोशाबाहेर. छताच्या कण्यावर गरम हवा निघायला झरोके. छिद्रांच्या दोषाला उन्हाळ्यात कपात नाही. तळ न वितळल्याचा दोष मात्र ज्याचा त्याने दुरुस्त करायचा, पण पैसे न कापता. मागच्या दोन उन्हाळ्यांच्या कपातीपैकी अर्धी परत. आम्ही सगळी मागितली होती, अर्धी मिळाली. झरोके दोनच झाले, चार ठरले होते.

ज्या मुलाने आम्हाला प्रश्न विचारला होता, तो तोवर गुजरातेत निघून गेला होता. त्याच्या हिशेबाची रक्कम आम्ही त्याच्या गावी, साकोलीकडे, त्याच्या आईच्या हाती नेऊन दिली. तिने पैसे मोजले नाहीत. "पोराचं काम खोटं होतं का जी?" एवढेच विचारले. त्याच्या नावाचे तुकडे आम्ही पाहिले होते, म्हणून आम्हाला उत्तर देता आले. नाही, म्हणालो; वाऱ्याचे होते.

आम्ही अजून रविवारी उस्तादाकडे जातो. सपाट सांधा बरा जमतो, कोपरा जमतो. नळी अजून जमत नाही, कारण तिच्याभोवती फिरताना टॉर्चचा कल क्षणाक्षणाला बदलावा लागतो आणि आमची कंबर तेवढी वळत नाही. अध्यक्षांच्या टेबलावर तीन तुकडे ठेवले आहेत. एक पंख्याखालचा, एक पोकळ कोपऱ्याचा, आणि एक गेल्या रविवारचा. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचे असतील त्यांनी अवश्य यावे. कडा करवतीने कापलेल्या आहेत, लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.